फिरता कंदील

आमच्या कुरुंद्याला दिवाळीत घरोघर आकाशकंदील लागत. पण काकांचा कंदील पाहायला सारी आळी वाड्यात जमे. तो फिरता कंदील होता. मध्ये दिवा, त्याभोवती कागदाची नळी, नळीवर कातरलेले हत्ती, मोर, घोडेस्वार, आणि वर पंख्यासारखी पाती. दिव्याने तापलेली हवा वर चढली की पाती हलत आणि नळी फिरू लागे. बाहेरचा सांगाडा काका मुद्दाम उघडाच ठेवीत. मग हत्ती भिंतींवरून चालत, आमच्या अंगावरूनही चालत. आम्ही पोरे आनंदाने ओरडत असू. आजी तेवढी दर वर्षी म्हणे, "बाळा, ते घोडे तेवढे काढ रे त्यातले." म्हाताऱ्या माणसाची लहर म्हणून आम्ही ते हसण्यावारी नेले.

उजेडातून चित्र उभे करण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत पहिला चित्रपट दिसला तो ७ जुलै १८९६ रोजी. त्याच्या आधीच कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आपल्या मुलांसह 'शांबरिक खरोलिका'चे खेळ सुरू केले होते. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे, त्यांमागे दिवा, समोर पडदा, आणि जोडीला निवेदन व संगीत. पुराणातल्या कथा त्या पडद्यावर हलू लागत. तथापि तिथे प्रेक्षक पडद्यासमोर बसलेला असे. त्याला चित्राच्या आत नेऊन उभे करणारी कलावती मला पुष्कळ पुढे भेटली.

नलिनी मलानी यांचा जन्म १९४६ साली कराचीला झाला. दुसऱ्याच वर्षी फाळणी झाली आणि कुटुंब निर्वासित होऊन भारतात आले. नलिनीबाई मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकल्या. १९६९ साली अकबर पदमसी यांनी सुरू केलेल्या कार्यशाळेत त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि लघुपट केले. पुढे चौकटीतले चित्र त्यांना अपुरे वाटू लागले. १९९२ साली त्यांनी कलादालनाच्या भिंतींवरच चित्रे काढली. प्रदर्शन संपल्यावर ती पुसली गेली. विकण्यासारखे काही उरले नाही. उरली ती पाहणाऱ्यांची आठवण.

१९९८ साली त्यांनी मंटोच्या 'टोबा टेकसिंग' या कथेवरून एक दालन रचले. त्या कथेत फाळणीनंतर दोन्ही देश वेड्यांचीही अदलाबदल करतात, आणि एक वेडा दोन्ही सरहद्दींच्या मधल्या, कुणाच्याच नसलेल्या जमिनीवर कोसळतो. त्याच वर्षी मे महिन्यात पोखरणला अणुस्फोट झाले होते. नलिनीबाईंना जुनी जखम आणि नवे भय एकत्र दिसले. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, मी ते दालन पाहिले.

आत अंधार होता. समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया एकच साडी घडी करू पाहत होत्या, आणि मध्ये आम्ही उभे. जमिनीवर पत्र्याच्या संदुका मांडलेल्या, त्यांच्या आत हलती चित्रे: घर सोडून निघालेली माणसे.

त्या संदुका पाहिल्या आणि माझे पाय जागीच थिजले. तशीच एक संदूक आजीच्या खोलीत होती. रझाकारांच्या धामधुमीत, १९४८ साली, आमचे घर रातोरात निजामाची हद्द सोडून पैनगंगेपलीकडे गेले होते. ती संदूक डोक्यावर घेऊन आजी चालली होती. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, मंडळी परतली. त्या रात्रीबद्दल आजी कधी बोलली नाही, आणि आम्हीही कधी विचारले नाही. ती फक्त घोडे काढायला सांगत राहिली.

पुढे नलिनीबाईंनी पारदर्शक पत्र्यांच्या नळ्या उलट बाजूने रंगवून छतापासून टांगल्या, फिरत्या ठेवल्या आणि त्यांतून प्रकाश सोडला. २०१२ साली जर्मनीतल्या कासेल शहरात त्यांनी अशा पाच नळ्यांचे दालन मांडले. सोबत चलच्चित्रे आणि ध्वनी. पाहणारा आत गेला की त्याची स्वतःची सावलीही भिंतीवरच्या चित्रात मिसळते. त्याला दूर उभे राहून हळहळता येत नाही. २०२३ साली जपानचा क्योटो पुरस्कार त्यांना मिळाला. मला मात्र त्यात काकांचा कंदीलच दिसला, आणि त्याच्या प्रकाशात तोंड फिरवून बसलेली आजी.

गेल्या दिवाळीत वाड्यात नातवाबरोबर मी फिरता कंदील केला. हत्ती झाले, मोर झाले. "आजोबा, घोडे का नाहीत?" त्याने विचारले. मी कातर खाली ठेवली आणि त्याला पैनगंगेपलीकडच्या वाटेची गोष्ट सांगू लागलो.