व्यवसाय कर (महाराष्ट्र)

नोकरी, व्यापार, पेशा किंवा अन्य व्यवसाय करणाऱ्यांकडून राज्य सरकार घेते तो कर. बोलीत ‘पीटी’. नोकरदाराला तो पगारपत्रकाच्या कपातीच्या रकान्यात भेटतो: अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५०० पुरे व्हावेत म्हणून ते जादा शंभर.

महाराष्ट्राचा कायदा १९७५चा. रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करणे हाच त्याचा हेतू होता, आणि या कराचे मोठेपण त्यातच आहे. १९७२च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला, पाझर तलावाची माती वाहायला उतरली होती. मागेल त्याला काम देण्याची वि. स. पागे यांची कल्पना त्या काळात राज्यभर रुजली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदाराने कर भरायचा, सरकारने तेवढीच भर घालायची आणि त्यातून गावच्या मजुराचे नाव मस्टरवर चढायचे, अशी ही व्यवस्था. तिच्याइतका उघड न्याय फार थोड्या करांमागे सापडतो. पुढे केंद्राने २००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता.

हेतू न्याय्य असला तरी कराचे माप तसे नाही. राज्यघटनेच्या २७६व्या अनुच्छेदाने या कराला कमाल मर्यादा घातली आहे. सुरुवातीला ती वर्षाला २५० रुपये होती. १९८८च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली, आणि तिथेच थांबली. पुरुषाचा पगार महिना दहा हजारांच्या वर गेला की पूर्ण कर लागतो. म्हणजे दहा हजारांहून जेमतेम अधिक मिळवणारा शंभर रुपयांमागे दोन रुपयांहून थोडे अधिक देतो, तर दोन लाख मिळवणारा सुमारे दहा पैसे. दुष्काळग्रस्तांसाठी उभारलेल्या निधीचा भार असा वाटला जावा, हे मनाला पटत नाही.



कमाल मर्यादा वाढवायची तर घटनादुरुस्ती हवी. ते विधिमंडळाच्या हातात नाही. खालच्या टोकाला किती सूट द्यायची, हे मात्र राज्यच ठरवते. एप्रिल २०२३पासून महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना कर माफ झाला. अकरा हजारांवर रात्रपाळी करणाऱ्या पुरुष रखवालदाराचे दोनशे रुपये त्यानंतरही कापले जात राहिले.