‘कृपया लक्ष द्या’: स्टेशनवर कम्प्युटर बोलतो, तेव्हा वायरमधून नेमकं काय जातं?

संध्याकाळच्या गर्दीत ठाणे, डोंबिवली किंवा कल्याण स्टेशनवर फलाट बदलल्याची एक घोषणा झाली की शेकडो माणसं एकदम जिन्याकडे वळतात. ती घोषणा उशिरा आली किंवा फलाटाचा आकडा चुकला, तर तीच गर्दी जिन्यावर समोरासमोर येते. इंडिकेटर दिसत नसलेल्या अंध प्रवाशांना तर कानावरच भरवसा ठेवावा लागतो. त्यामुळे कम्प्युटर आणि भोंगा यांच्यामधली वायर हा फक्त टेक्निशियनच्या कामाचा विषय राहत नाही.

या वायरीत बऱ्याचदा भेटतो तो जुना सीरियल पोर्ट. कम्प्युटरच्या मागे असायचा तो नऊ पिनांचा, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेला. घरच्या लॅपटॉपवरून तो कधीच गेला, पण अ‍ॅम्प्लिफायर, हॉलमधले मिक्सर, प्रोजेक्टर आणि इंडिकेटर बोर्ड यांच्यावर अजून दिसतो.

सीरियल पोर्टमधून आवाज जातो का?

साधारणपणे नाही, आणि घोटाळा इथेच होतो. सीडीच्या दर्जाच्या आवाजासाठी सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट लागतात. सीरियल पोर्टचा नेहमीचा वेग आहे ९,६०० बिट. एका अक्षरामागे सुरुवातीचा एक, मजकुराचे आठ आणि शेवटचा एक असे दहा बिट खर्च होतात. म्हणजे सेकंदाला फार तर ९६० अक्षरं. एवढ्यात आवाज मावत नाही, पण हुकूम आरामात मावतो. ‘तिसऱ्या फलाटाचे स्पीकर चालू कर’, ‘आवाज ३० वर ने’ अशा सूचना सीरियल वायरीतून जातात. प्रत्यक्ष आवाज साउंड कार्डातून वेगळ्या ऑडिओ केबलने अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो. कीबोर्ड वाजवणाऱ्यांच्या ओळखीची मिडी केबलही याच कुळातली. तिचा वेग ३१,२५० बिट आणि तिच्यातूनही सूर जात नाही, ‘कोणती पट्टी किती जोरात दाबली’ एवढंच जातं.

मग लांबच्या फलाटापर्यंत काय?

१९६० साली अमेरिकेत ठरलेलं आरएस-२३२ हे मानक साधारण १५ मीटरपर्यंतच खात्रीचं. पंधरा डब्यांच्या लोकलचा फलाटच ३०० मीटरहून लांब असतो, वर डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार. अशा ठिकाणी आरएस-४८५ कामाला येतं. त्यात एकच संदेश दोन तारांवर उलटसुलट पाठवला जातो. बाहेरचा विद्युत गोंधळ दोन्ही तारांवर सारखाच येतो आणि पलीकडच्या टोकाला फक्त दोघींतला फरक मोजल्यामुळे तो गळून पडतो. कमी वेगात ही वायर १,२०० मीटरपर्यंत चालते आणि एकाच जोडीवर ३२ उपकरणं बसतात. प्रत्येकाला स्वतःचा पत्ता असतो. इंडिकेटर आणि घोषणा एकाच कम्प्युटरवरून चालवणाऱ्या रेल्वेच्या यंत्रणांमध्ये सीरियल वायरी अशाच वापरल्या गेल्या. नव्या यंत्रणा आता नेटवर्क केबल आणि ऑप्टिकल फायबरकडे वळल्या आहेत.

मराठीची खास अडचण

मध्य रेल्वेच्या उद्घोषिका सरला चौधरी यांचा आवाज हजारो प्रवाशांच्या कानात बसला आहे. रेकॉर्ड केलेल्या आवाजाचे तुकडे जोडून कम्प्युटर वाक्य तयार करतो. इंग्रजीत ‘ट्वेंटी’ आणि ‘सेव्हन’ जोडले की काम झालं. मराठीत ‘वीस’ आणि ‘सात’ जोडून ‘सत्तावीस’ होत नाही. मिनिटं सांगायची तर एक ते एकोणसाठ प्रत्येक आकडा वेगळा रेकॉर्ड करावा लागतो. गावांच्या नावांचंही तेच. ‘ठाणे’ला ‘कडे’ चिकटवलं तर ‘ठाणेकडे’ होईल, आणि ते ऐकून अर्धा फलाट हसेल. म्हणून ‘ठाण्याकडे’ हा तुकडा वेगळाच हवा.

माइक कम्प्युटरच्या वर

चांगल्या यंत्रणेत उद्घोषकाने माइक सुरू केला की रेकॉर्ड केलेली घोषणा आपोआप दबते, आणि कम्प्युटर बंद पडला तरी माइक चालू राहतो. याचं मोल २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दिसलं. सीएसटीवर गोळीबार सुरू असताना उद्घोषक विष्णू झेंडे माइकवरून प्रवाशांना स्टेशनाबाहेर पडायला सांगत राहिले. असं वाक्य कोणत्याही कम्प्युटरात आधीपासून भरून ठेवलेलं नसतं.

स्वतः जोडायचं असेल तर

सोसायटीच्या हॉलमधला किंवा शाळेतला सीरियल पोर्ट असलेला अ‍ॅम्प्लिफायर लॅपटॉपला जोडायला यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर लागतो. नऊ पिनांपैकी कामाच्या बहुधा तीनच: कम्प्युटरच्या बाजूला २ वर ऐकायचं, ३ वर बोलायचं आणि ५ ही ग्राउंड. दोन्हीकडे २ आणि ३ सारख्याच असतील तर दोघंही एकाच तारेवर बोलतात आणि ऐकत कुणीच नाही. तेव्हा या दोन तारा उलटवणारी ‘क्रॉस’ केबल घ्यावी. वेग दोन्ही बाजूंना सारखा हवा. स्क्रीनवर अगम्य चिन्हं उमटत असतील तर पहिला संशय वेगावरच घ्यावा.

हुकूम पाठवूनही यंत्र ढिम्म असेल तर शेवटी ‘एंटर’चं चिन्ह जातंय का ते तपासा. अनेक उपकरणं त्याचीच वाट बघत बसतात.

स्पीकरमधून संथ घुंघुं येऊ लागली तर ती बहुधा ५० हर्ट्झची मेन्स वीज असते. ऑडिओ केबल आणि सीरियल केबल, दोन्हींच्या ग्राउंडमधून वर्तुळ तयार होतं आणि त्यात वीज फिरते. दोन्ही उपकरणं एकाच बोर्डवर लावून पाहा, नाहीतर मध्ये आयसोलेटर बसवा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा ‘जुगाड’ मात्र नको. घुंघुं थांबेल, पण अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीत वीज उतरली तर शॉक हात लावणाऱ्याला बसेल.

सगळ्यात त्रासदायक प्रकार साधासुधा आहे. कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी खाचेत लावला की विंडोज त्याला नवा कॉम क्रमांक देऊ शकतं. काल ‘कॉम ३’ वर चालणारं सॉफ्टवेअर आज गप्प बसतं आणि दोष केबलला दिला जातो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये क्रमांक पाहून तो सॉफ्टवेअरमध्ये बदलता येतो. त्याहून सोपं म्हणजे खाच एकच ठरवून तिच्यावर रंगीत टेप लावणं.