कोष्टकाची चौकट, मजकुराचा अर्थ

वेबच्या इतिहासात कंपन्यांच्या लढाया पुष्कळ रंगवल्या जातात. मला त्यांपेक्षा एक लहानसा वाद मोलाचा वाटतो : पानाची मांडणी कोष्टकाने करायची की सीएसएसने? वाद तांत्रिक दिसतो. पण त्यात मजकूर आणि त्याचे रूप यांच्या नात्याचा जुनाच प्रश्न आहे.

जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९०च्या सुमारास एचटीएमएल घडवली. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, एवढेच ती सांगे. दोन स्तंभ शेजारी ठेवण्याची सोय तिच्यात नव्हती. १९९५मध्ये नेटस्केपच्या ब्राउझरमध्ये कोष्टके आली. ती खरे तर माहितीच्या तक्त्यांसाठी. पण मांडणीकारांना आयती चौकट मिळाली. रेघा अदृश्य करायच्या, एका घरात मथळे, दुसऱ्यात लेख. जागा सोडायला एका बिंदूएवढे पारदर्शक चित्र ताणून बसवायचे. छापखान्यातले जुळारी शब्दांमध्ये कोरे खिळे बसवत, तसाच हा प्रकार. डेव्हिड सीगल यांच्या १९९६च्या पुस्तकाने ही युक्ती लोकप्रिय केली.

दुसरी वाट तोवर निघाली होती. ऑक्टोबर १९९४मध्ये होकुन विउम ली यांनी सीएसएसचा प्रस्ताव मांडला. बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले. मजकूर एकीकडे, रूपाचे नियम दुसरीकडे, हे तिचे सूत्र. डिसेंबर १९९६मध्ये तिला डब्ल्यू३सी या मानक ठरवणाऱ्या संस्थेची मान्यता मिळाली.

तरीही कोष्टके टिकली. याला अनेक जण मांडणीकारांचे अज्ञान म्हणतात. मला ते पटत नाही. त्या काळच्या पानांची संहिता वाचली की त्यातले कष्ट दिसतात. सीएसएसचा एकच नियम दोन ब्राउझर दोन तऱ्हांनी दाखवत आणि गिऱ्हाइकाला पान आजच, सगळीकडे सारखे हवे असे. कोष्टक त्या दिवशीचे काम भागवत होते.

किंमत मात्र दुसऱ्याच कुणी मोजली. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरकडून पान ऐकतो. तेव्हाचे अनेक स्क्रीन रीडर पडद्यावरची ओळ सरळ आडवी वाचत. डाव्या स्तंभातले वाक्य अर्धे राही आणि त्याला उजव्या स्तंभातले शब्द चिकटत. डोळ्यांना नीटस वाटणारे पान कानांना निरर्थक होई. म्हणूनच डब्ल्यू३सीच्या १९९९च्या सुगम्यता-सूचनांनी बजावले : सरळ क्रमाने वाचून अर्थ लागत नसेल, तर मांडणीसाठी कोष्टक वापरू नका.

१९९८मध्ये सुरू झालेल्या ‘वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट’ने ब्राउझर-कंपन्यांकडे मानके पाळण्याचा आग्रह धरला. २००३मध्ये डेव्ह शे यांच्या ‘सीएसएस झेन गार्डन’ने एकच मजकूर शब्दालाही हात न लावता अनेक रूपांत दाखवला. ते पाहिल्यावर तात्त्विक युक्तिवादाची गरज उरली नाही.

गंमत अशी, की कोष्टक सोडलेल्यांनी स्तंभांसाठी ‘फ्लोट’ वापरला. तोही मुळात चित्राभोवती मजकूर वाहता ठेवण्यासाठीचा. म्हणजे उसनवारी चालूच राहिली. ओळी-स्तंभांची हक्काची चौकट, ‘ग्रिड’, प्रमुख ब्राउझरांत पोहोचली २०१७मध्ये. ती कोष्टकासारखीच दिसते, पण मजकुराच्या बाहेर राहते.

मांडणीकारांना चौकट हवी होती, ही त्यांची चूक नव्हती. ती मजकुरात रोवावी लागली, हे त्या साधनांचे अपुरेपण होते. ई-मेलची पत्रे बनवणारे आजही पुष्कळदा कोष्टकेच वापरतात, कारण तिथल्या वाचन-प्रणाली अजून एकमताने वागत नाहीत.