शिक्षणाची झेप आणि उतारवय

आई-वडिलांच्या तुलनेत मुलांनी शिक्षणाची वरची किंवा खालची पातळी गाठणे, यास समाजशास्त्रात ‘आंतरपिढीय शैक्षणिक गतिशीलता’ म्हणतात. गोव्यात ती विलक्षण वेगाने घडली. मुक्तीच्या सुमारास साक्षरतेचे प्रमाण जेमतेम एकतृतीयांश होते. २०११ च्या जनगणनेत ते ८८ टक्क्यांवर गेले. दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी निघालेल्या प्राथमिक शाळा आणि १९६२ पासून पणजी व मडगाव येथे सुरू झालेली महाविद्यालये यांमुळे निरक्षर मुंडकाराच्या घरातही एकाच पिढीत पदवी आली. ती पिढी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. २०११ मध्येच राज्यात साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण ११ टक्क्यांहून अधिक, म्हणजे राज्यांत केरळखालोखाल होते.

ही झेप सुखाची की ओढाताणीची, हा वाद जुना आहे. पितिरिम सोरोकिन यांनी १९२७ मधील ‘सोशल मोबिलिटी’ या ग्रंथात असे मांडले, की वर चढणारा माणूस मूळ वर्तुळातून तुटतो आणि नव्यात पुरता रुजत नाही. पुढील संशोधकांना हा दुरावा सर्वत्र आढळला नाही. मुळात तो मोजणेच अवघड. चौथी शिकलेल्या वडिलांची पदवीधर मुलगी उतारवयात समाधानी असेल, तर श्रेय कोणाचे? बालपणीच्या घराचे, पदवीचे, की दोहोंमधील अंतराचे? अंतर म्हणजे दोन पातळ्यांची वजाबाकी. पहिल्या दोन गोष्टी स्थिर धरल्या की तिसरी बदलूच शकत नाही. मायकेल सोबेल यांनी १९८१ मध्ये सुचविलेले प्रारूप यासाठीच वापरले जाते. पिढ्यान्‌पिढ्या एकाच पातळीवर राहिलेल्या कुटुंबांना ते दोन्ही टोकांचे मानदंड मानते.

पालकांच्या बाजूने चित्र अधिक स्पष्ट आहे. मुले अधिक शिकलेली, तर आई-वडिलांचे आयुर्मान अधिक, हा संबंध अमेरिकेतील अभ्यासात पालकांचे स्वतःचे शिक्षण लक्षात घेऊनही दिसला. डॉक्टरांची चिठ्ठी वाचणारे, दुसरा सल्ला घेणारे कोणीतरी घरात असते, हे त्याचे एक साधे कारण असावे. आपल्याकडे मात्र शिकलेले मूल बहुधा पुणे, बंगळूर, आखात किंवा पोर्तुगालमार्गे युरोप गाठते. पैसे दरमहा येतात. मध्यरात्री इस्पितळात न्यायला शेजारी लागतो. पुष्कळदा कमी शिकलेला धाकटा भाऊ गावी राहून हे सारे निभावतो, आणि पाहणीच्या तक्त्यात त्याच्यापुढे ‘गतिशीलता नाही’ एवढीच नोंद होते.