ऋतुसंधीचे चौदा दिवस : वऱ्हाडातील हवामान आणि हृदय

मंगरूळपीर तालुक्यातील आसेगाव आणि त्याभोवतीचा वऱ्हाडातल्या वाशीम जिल्ह्याचा मुलूख समुद्रापासून फार आत असल्यामुळे तेथे उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही टोकाला जातात. ज्या शिवारात वैशाखात पारा चाळिशी सहज ओलांडतो, त्याच शिवारात मार्गशीर्ष-पौषातली पहाट बोचऱ्या गारव्याची असते. वर्षभरात एवढा फेर सोसणाऱ्या शरीराची काळजी या प्रदेशाने शतकानुशतके घेतली. मात्र आज त्या काळजीचा उन्हाळ्याचा भाग सर्वांच्या ध्यानात आहे आणि हिवाळ्याचा भाग जवळजवळ विसरला गेला आहे.

ऋतू आणि शरीर यांचा संबंध शास्त्राच्या भाषेत मांडणारा, महाराष्ट्रातील वैद्यांना सर्वांत जवळचा ग्रंथ म्हणजे वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’. त्याच्या सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय ऋतुचर्येचा, म्हणजे प्रत्येक ऋतूत आहार-विहार कसा ठेवावा याचा आहे. सूर्य बळ शोषून घेतो ते सहा महिने आदानकाल आणि ते परत मिळते ते सहा महिने विसर्गकाल, अशी वर्षाची विभागणी तेथे आढळते. पण अध्यायातला सर्वांत मोलाचा विचार ऋतुसंधीचा आहे. जाणाऱ्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि येणाऱ्या ऋतूचा पहिला आठवडा मिळून हा काळ होतो, आणि त्यात जुनी राहणी हळूहळू सोडून नवी हळूहळू धरावी, एकदम बदल केल्यास रोग होतात, असे ग्रंथकार बजावतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने या ग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. व्रतांचा प्रचंड संग्रह असलेला ‘चतुर्वर्गचिंतामणी’ही त्याच्याच नावावर आहे. व्रतांचे पंचांग आणि ऋतुचर्येचे शास्त्र एकाच माणसाच्या मेजावर असावे, हा योग लक्षणीय आहे. त्याच्या आश्रयाला असलेला बोपदेव हा वर्धा नदीकाठचा, वैद्य केशवाचा मुलगा. त्यामुळे ही परंपरा वऱ्हाडाला परकी नव्हती.

गावातल्या चालीरीती पोथीतूनच उतरल्या असे मानण्याचे कारण नाही. अनुभव दोन्हीकडे साठत गेला, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, वऱ्हाडात पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, चिंचवणी करतात आणि अनेक घरी नव्या माठाचे पाणी त्याच दिवसापासून प्यायले जाते. ओल्या वाळूवर ठेवलेल्या, बाहेरून पाझरून ओलसर झालेल्या त्या माठाचे पाणी बर्फगार होत नाही, त्याचा गारवा सौम्यच राहतो. हिवाळ्याची सुरुवात दिवाळीच्या अभ्यंगाने, म्हणजे अंगाला तेल जिरवून ऊन पाण्याने केलेल्या स्नानाने होते आणि संक्रांतीला तीळगूळ येतो. हेमंतात शरीराचे बळ सर्वाधिक असते असे शास्त्र सांगते, तरी त्याच ऋतूसाठी ते तेल, कढत पाणी, उबदार पांघरूण आणि ऊन यांचा आग्रह धरते. सिद्धान्त बळाचा असला तरी व्यवहार सावधगिरीचा आहे.

त्या सावधगिरीमागचे शरीरशास्त्र विसाव्या शतकात उलगडले. लंडनचे शास्त्रज्ञ विल्यम कीटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये काही जणांना २४ अंश सेल्सिअसच्या वाहत्या हवेत सहा तास ठेवले. तेवढ्या सौम्य गारव्याने रक्ताचा दाटपणा २१ टक्क्यांनी वाढला आणि सरासरी रक्तदाब १२६/६९ वरून १३८/८७ वर गेला. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आतल्या भागाकडे ढकलले जाते, त्यातले पाणी मूत्रावाटे बाहेर पडते आणि दाटलेले रक्त अरुंद झालेल्या धमन्यांतून रेटण्याचे काम हृदयावर येते. उन्हाळ्यात हेच संकट उलट्या वाटेने येते : अंग गार ठेवण्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त पाठवताना हृदयाचे ठोके वाढतात आणि घामाने पाणी-मीठ गेल्यामुळे रक्त पुन्हा दाट होते.

उन्हाच्या बाजूची दखल प्रशासनाने घेतली आहे. मे २०१० च्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्यानंतर २०१३ मध्ये तेथे उष्णतेसाठी कृती आराखडा आला आणि पुढे नागपुरानेही तो मार्ग धरला. थंडीचे गणित मात्र निराळे आहे. भारतातल्या मृत्यूंच्या देशव्यापी नोंदींवरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३० ते ६९ वयोगटातील हृदयधमनीच्या विकाराने झालेल्या मृत्यूंपैकी ९.७ टक्के मृत्यूंचा संबंध मध्यम थंडीशी जोडला गेला, म्हणजे दिवसाचे सरासरी तापमान १३.८ अंशांच्या वर असतानाच्या गारव्याशी. हवामान खाते सपाट प्रदेशात थंडीची लाट सर्वसाधारणपणे जाहीर करते ती किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली गेले आणि ते सरासरीहून निदान साडेचार अंशांनी उतरले तर. धोक्याच्या बऱ्याचशा रात्री या व्याख्येच्या बाहेरच राहतात.

वऱ्हाडात अशी रात्र शेतकऱ्याच्या वाट्याला येते. कृषिपंपाची वीज पाळीने रात्री आली की गहू-हरभऱ्याला ओलीत करण्यासाठी, म्हणजे पाणी देण्यासाठी, साठीचा माणूसही गोधडीतून उठून थेट शेतात जातो, पोटरीपर्यंत गार पाण्यात उभा राहून फावड्याने बांध फोडतो आणि बुजवतो. उबेतून गारठ्यात जाणे आणि त्याच क्षणी जोराचे कष्ट करणे, ही दोन्ही ओझी उच्च रक्तदाब असलेल्याच्या हृदयावर एकदम पडतात. ऋतू बदलायला चौदा दिवस देणाऱ्या परंपरेतल्या या माणसाला येथे चौदा मिनिटेही मिळत नाहीत, आणि छातीत कळ आली तर त्याच्यासोबत बांधावर बहुधा कोणी नसते.