ज्येष्ठ मूळ १,७६,६३,१९,०४९ : भास्कराचार्यांची चक्रवाल पद्धती आणि खानदेश

प्रस्तावना

नाणी, ताम्रपट व शिलालेख ही इतिहासाची मान्य साधने होत. एखादी संख्याही असे साधन ठरू शकते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. भास्कराचार्यांनी (जन्म शके १०३६, इ.स. १११४) 'सिद्धान्तशिरोमणी' या ग्रंथाच्या 'बीजगणित' भागात विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर म्हणून वरील दहा अंकी संख्या येते.

प्रश्न आणि रीत

कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळविल्यास पूर्ण वर्ग येतो? भारतीय परंपरेत या प्रकारास 'वर्गप्रकृती' म्हणतात. ६१ ऐवजी ६० घेतल्यास ४ हे उत्तर येते (मूळ ३१); ६२ घेतल्यास ८ (मूळ ६३). ६१ साठी मात्र सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० असून ज्येष्ठ मूळ १,७६,६३,१९,०४९ आहे. एकेक संख्या तपासून येथवर पोहोचणे व्यवहारतः अशक्य होय.

भास्कराचार्यांची वाट मात्र आखूड आहे. ८² = ६१ × १² + ३ येथून आरंभ केल्यास चक्रवालाच्या एकाच फेरीत ३९² = ६१ × ५² − ४ मिळते. पुढे ब्रह्मगुप्ताच्या (इ.स. ६२८) 'भावना' रीतीने २९,७१८² = ६१ × ३,८०५² − १ येते व त्यावरून अंतिम उत्तर निघते. या घडणीची खूण संख्येतच उरली आहे : तिच्या आधीची संख्या २ × २९,७१८² आहे, तर नंतरची १२२ × ३,८०५².

श्रेयाचा प्रश्न

इ.स. १६५७ मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने ६१ चाच प्रश्न समकालीनांपुढे ठेवला. इंग्लंडमध्ये ब्राउंकर यांनी अशा प्रश्नांची रीत शोधली. परंतु ऑयलर यांच्या गैरसमजामुळे समीकरणास पेल यांचे नाव चिकटले. पाठ्यपुस्तकांत ते आजही रूढ आहे. तथापि अशा प्रत्येक समीकरणास उत्तर असतेच, याची सिद्धता अठराव्या शतकात लाग्रांज यांनी दिली, हेही तितक्याच निःसंकोचपणे नमूद केले पाहिजे.

पाटणची साक्ष

भास्कराचार्यांच्या 'विज्जडविड' गावाच्या स्थाननिश्चितीबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु चाळीसगावजवळील पाटण येथील इ.स. १२०७ चा शिलालेख, त्यांचे नातू चांगदेव यांनी या ग्रंथाच्या अध्यापनासाठी स्थापिलेल्या मठाची माहिती देतो. मठास मिळालेल्या दानांत बाजारातील विक्रीवरील व तेलाच्या घाण्यांवरील वाट्याचा उल्लेख मराठीत आहे. म्हणजेच खानदेशातील घाणेवाल्यांच्या पळीभर तेलावर उच्च गणिताचे अध्यापन चालावे, अशी ती योजना होती.

निष्कर्ष

वरील संख्या पद्धतशीर ज्ञानाचा पुरावा आहे. तिला योगायोग वा दैवी साक्षात्कार म्हणणे हा त्या ज्ञानावर अन्यायच होय. केवळ अभिमानाने हा वारसा टिकणार नाही. नंदुरबारसह खानदेशातील महाविद्यालयांत इतिहास व गणित विभागांनी हे उदाहरण एकत्रितपणे फळ्यावर सोडवून दाखविल्यास पाटणच्या मठाचा हेतू काही अंशी तरी पुढे जाईल.