नाव नसलेल्यांची नाटककार : लिन नॉटेज

‘इंटिमेट अ‍ॅपरल’ (२००३) या नाटकाची नायिका एस्थर १९०५च्या न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीय शिवणकाम करणारी बाई आहे. श्रीमंत गोऱ्या स्त्रीपासून वेश्येपर्यंत सर्वांची अंतर्वस्त्रे ती शिवते. लिहिता-वाचता मात्र तिला येत नाही. शेवटी ती जुन्या छायाचित्रासारखी निश्चल होते आणि खाली मथळा उमटतो. त्यात तिची नोंद ‘अनोळखी’ अशी असते! नाटकभर जिचे मन पाहिले, ती दप्तराच्या लेखी अनामिक.

१९६४ साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या लिन नॉटेज यांची पणजीही बार्बाडोसहून आलेली, शिवणकाम करणारी होती. तिच्याविषयी फारसे काही हाती नव्हते. म्हणून त्यांनी ग्रंथालयात बसून तो काळ धुंडाळला.

पुढे त्या कागदांकडून जिवंत माणसांकडे वळल्या. येल विद्यापीठात नाट्यशिक्षण घेतल्यावर चार वर्षे त्यांनी अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलमध्ये काम केले होते. ती सवय उपयोगी पडली असावी. २००४ साली दिग्दर्शिका केट व्होरिस्की यांच्यासह त्या युगांडात गेल्या. ब्रेख्तचे ‘मदर करेज’ काँगोच्या युद्धात बसवावे, असा मूळ बेत होता. निर्वासित स्त्रियांच्या कहाण्या ऐकल्यावर तो साचा अपुरा वाटला. त्यातून ‘रुइन्ड’ झाले. २००९चे पुलित्झर त्याला मिळाले.

२०११मध्ये जनगणना खात्याच्या आकड्यांनुसार पेनसिल्व्हेनियातले रेडिंग हे देशातल्या सर्वांत गरीब शहरांत गणले गेले. (आपल्या ‘व्यापार’ खेळाचा पूर्वज ‘मोनोपॉली’, त्याच्या पटावरची रेडिंग रेल्वे इथलीच.) नॉटेज तिथे वर्षानुवर्षे जात राहिल्या, टाळेबंदीत नोकरी गमावलेल्या पोलाद कामगारांशी बोलत राहिल्या. ‘स्वेट’मध्ये कारखान्यातल्या दोन जिवलग मैत्रिणी आहेत. कृष्णवर्णीय सिंथियाला बढती मिळते, गोऱ्या ट्रेसीला मिळत नाही. पुढे कामगार बाहेर फेकले जातात. मालक रंगमंचावर येतच नाही. राग निघतो तो बारमधल्या ऑस्कर या गरीब पोरावर. ही निवड मला नाटकाचे खरे बळ वाटते. २०१७चे पुलित्झर ‘स्वेट’ला मिळाले, नाटकासाठी ते दोनदा मिळवणारी ही पहिली स्त्री.

त्याच वर्षी नॉटेज रेडिंगला परतल्या. तिथल्या बंद पडलेल्या फ्रँकलिन स्ट्रीट स्थानकात त्यांनी ‘धिस इज रेडिंग’ हा प्रयोग उभा केला. ज्यांचे बोलणे टिपून घेतले होते, त्यांचेच गाव आता समोर प्रेक्षक म्हणून होते.